मैदानी गवताच्या वाणांची पाण्याच्या ताणातील चाचणी: मांडणी कशी करावी?

मैदान_सोलापूर

नमस्कार.

सोलापूरजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या मैदानाची आणि आवारातील हिरवळीची देखभाल माझ्याकडे आहे. मैदान फुटबॉलच्या पूर्ण मापाचे, म्हणजे १०५ मीटर बाय ६८ मीटरचे आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, या हिशेबाने उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी एकट्या मैदानाला दिवसाला सुमारे ३५,७०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर लागतात. आमच्या बोअरचे पाणी मार्चनंतर इतके पुरत नाही आणि पुरले तरी ते मैदानावर ओतावे का, हा प्रश्न उरतोच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानाला दिलेल्या पाण्याचा हिशेब मागितला तर तो देता आला पाहिजे, अशी आमच्या व्यवस्थापनाची भूमिका तेव्हापासून आहे आणि ती मला मनापासून पटते.

मैदानाचे गवत येत्या दोन-तीन वर्षांत बदलायचे आहे. त्याआधी कोणते वाण कमी पाण्यात टिकते हे आमच्याच जमिनीत तपासून पाहावे, यासाठी मैदानालगतची २० मीटर बाय १२ मीटरची जागा मला मिळाली आहे. तेथे सहा प्रकार लावण्याचा विचार आहे: आमच्या आवारातील गावठी हरळी, नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळणारे गवत, टिफवे ४१९ आणि टिफड्वार्फ (दोन्ही संकरित हरळी), झॉयसिया आणि पास्पालम. प्रत्येकाचे २ मीटर बाय २ मीटरचे चार वाफे, मध्ये अर्ध्या मीटरचे अंतर, असे एकूण २४ वाफे बसतात. जुलैमध्ये लागवड करायची, पुढच्या वर्षी १ मार्चला पाणी पूर्ण बंद करायचे आणि कोणते गवत सर्वांत जास्त दिवस हिरवे राहते ते नोंदवायचे, अशी माझी ढोबळ योजना आहे.

जाणकारांनी कृपया तीन बाबींवर मार्गदर्शन करावे. पाणी एकदम तोडणे योग्य, की थोडे थोडे कमी करत जाणे योग्य? महागडी उपकरणे न घेता नोंदी विश्वासार्ह कशा ठेवाव्यात? आणि तिसरी अडचण अशी की, या जागेच्या एका बाजूला काळी माती आहे आणि दुसऱ्या बाजूला लवकरच मुरूम लागतो. त्याचे काय करावे?

कोरडवाहू_अभ्यासक

आपण लागवडीच्या आधी विचारत आहात हे फार चांगले आहे, कारण अशा चाचण्यांमधील बहुतेक दोष मांडणीतच शिरलेले असतात आणि नंतर कितीही काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या तरी ते निघत नाहीत.

सर्वांत आधी एक निर्णय घ्यावा लागेल. ‘दुष्काळ सहन करणे’ या एका शब्दप्रयोगात किमान तीन वेगवेगळे गुण दडलेले असतात. पहिला गुण म्हणजे पाणी तुटल्यावर जास्त दिवस हिरवे राहणे. हे मुख्यतः खोल मुळांमुळे आणि पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनावर लवकर लगाम घातल्यामुळे साधते. दुसरा गुण म्हणजे पाने पूर्ण वाळली तरी जमिनीखालचे खोड जिवंत ठेवून पाणी मिळताच पुन्हा फुटणे. तिसरा गुण म्हणजे पूर्ण गरजेच्या निम्मे-पाऊण पाणी नियमित मिळत असताना वापरण्याजोगा दर्जा राखणे. एकाच वाणात हे तिन्ही गुण सारख्याच प्रमाणात असतील असे नाही. आपल्याकडची हरळी दुसऱ्या गुणात अव्वल आहे. उन्हाळी नांगरट करून काशा, म्हणजे तिची जमिनीखालची खोडे, वेचून बांधावर टाकल्या तरी एखादी राहून गेलेली काशी पहिल्या पावसाला फुटते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. पण म्हणून तीच हरळी मे महिन्यात सर्वांत जास्त हिरवी दिसेल असा अर्थ होत नाही.

आपली सध्याची योजना फक्त पहिला गुण मोजते. मैदानाच्या दृष्टीने मात्र मला तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा आणि दुसरा त्याखालोखाल वाटतो. कारण उघड आहे: खेळ सुरू असताना आपण पाणी पूर्णपणे कधीच तोडणार नाही, ते कमी कराल, आणि एखाद्या वाईट वर्षी महिना-दोन महिने तोडावेच लागले तर मैदान बंद ठेवून गवत परत येण्याची वाट पाहाल. शिवाय ‘जास्त दिवस हिरवे’ या निकषात एक फसवा भाग आहे. जे गवत नीट पसरलेले नाही, ज्याचे पर्णक्षेत्र कमी आहे, ते पाणीही कमी उचलते आणि त्यामुळे ओल जास्त दिवस पुरते. म्हणजे अपुरी वाढ झालेले वाण त्या अपुरेपणामुळेच सहनशील ठरू शकते. झॉयसियाच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण त्याची वाढ हरळीवर्गीय गवतांच्या तुलनेत फारच सावकाश होते आणि जुलैतील लागवड मार्चपर्यंत वाफा पूर्ण झाकेलच असे नाही. सर्व वाफे किमान ९५ टक्के झाकले गेल्याशिवाय ताण सुरू करू नये. त्यासाठी एक हंगाम आणखी थांबावे लागले तरी थांबावे. घाई असेल तर झॉयसियाचे तुकडे जवळ जवळ लावा किंवा तयार गालिचा आणून बसवा.

पाणी देण्यासाठी माझी सूचना अशी आहे की पहिल्या वर्षी ते तोडू नका, मोजून कमी द्या. हवामानातून येणारी पाण्याची मागणी, म्हणजे संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन, जवळच्या कृषी हवामान केंद्राच्या नोंदींवरून काढता येते. ते जमत नसेल तर उघड्या बाष्पीभवन पात्राच्या रोजच्या आकड्याला ०.७ ने गुणून आपल्या कामापुरता अंदाज मिळतो. कॅलिफोर्नियात उष्ण हंगामी, म्हणजे उष्ण हवेत जोमाने वाढणाऱ्या, गवतांना या मागणीच्या ०.६ पट आणि थंड हंगामी गवतांना ०.८ पट पाणी धरण्याची पद्धत आहे. आपली सहाही गवते उष्ण हंगामी आहेत. तेव्हा संदर्भ मागणीच्या ६० टक्के पाण्यापासून सुरुवात करावी, तीन-चार आठवड्यांनी ४५ टक्क्यांवर आणि त्यानंतर ३० टक्क्यांवर यावे. प्रत्येक पायरीवर कोणते वाण दर्जा राखते आणि कोणते खाली घसरते हे पाहावे. पाणी तोडण्याची चाचणी दुसऱ्या वर्षी त्याच वाफ्यांवर घेता येईल.

२४ वाफ्यांसाठी तुषार सिंचन बसवू नका. वारा सुटला की शेजारच्या वाफ्याचे पाणी इकडे येते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात वारा असतोच. आपला वाफा चार चौरस मीटरचा आहे, म्हणजे पाच मिलिमीटर पाण्याला बरोबर वीस लिटर लागतात. खुणा केलेली बादली आणि बारीक छिद्रांची झारी घेऊन सूर्योदयापूर्वी हाताने पाणी घातले तर ४८० लिटरमध्ये सगळे वाफे होतात आणि मोजमाप कोणत्याही स्वयंचलित यंत्रणेइतके चोख राहते. दोन माणसांचे तासाभराचे काम आहे. रोज थोडे शिंपडण्याऐवजी आठवड्याचे पाणी दोन पाळ्यांत द्यावे, म्हणजे ओल खाली उतरते.

हिरवळ_टेक्सास

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या टेक्सासमध्ये मैदाने आणि बागांच्या पाणी-नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे मुरूम आणि काळ्या मातीच्या प्रश्नाला, येथील एका प्रयोगातून फार स्पष्ट उत्तर मिळते, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

सॅन अँटोनिओ शहराने जलसंवर्धनाच्या नियमांत अशी अट घातली होती की नव्या घरांभोवती लावले जाणारे गवत उन्हाळ्यात ६० दिवस पाण्याविना तग धरणारे असावे आणि त्याखाली किमान चार इंच माती असावी. कोणती गवते या अटीत बसतात, हे ठरवण्यासाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने तेथील जलमंडळाच्या मदतीने २००६ आणि २००७ साली प्रयोग केला. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, सेंट ऑगस्टीन आणि झॉयसिया या तीन गटांतील एकूण २५ वाण लावले गेले. पाऊस आला की रुळांवरून सरकत येऊन सगळे वाफे झाकणारे मोठे छप्पर उभारले गेले. ६० दिवस पाण्याचा थेंब नाही आणि त्यानंतर पुन्हा पाणी सुरू करून ६० दिवस पुनरुज्जीवनाच्या नोंदी, अशी आखणी होती. यातला कळीचा भाग असा की प्रत्येक वाण दोन प्रकारच्या जमिनीत लावले होते. एक म्हणजे तेथील मूळची खोल जमीन आणि दुसरी म्हणजे खाली अडथळा घालून केवळ चार इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर ठेवलेली माती.

चार इंचांच्या मातीत २५ पैकी एकही वाण ६० दिवसांत तगले नाही. खोल जमिनीत मात्र सर्वच वाण पुन्हा हिरवे झाले, आणि हरळीवर्गीय वाणांनी एकूणात सर्वांत चांगले पुनरुज्जीवन दाखवले. जाहिरातीत ज्यांच्या सहनशीलतेची वर्णने येतात ते वाण आणि ज्यांची कोणी दखलही घेत नाही ते वाण, दोघांचेही नशीब मुळांखालच्या मातीने ठरवले. वाणांमध्ये फरक होते, ते खरेही होते, पण मातीच्या खोलीने पडलेला फरक त्या सर्वांहून मोठा होता.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की ‘कोणते वाण’ हा प्रश्न ‘किती खोल मातीत’ या प्रश्नाशिवाय विचारूच नये. एखादे वाण नेहमीच्या वाणापेक्षा कमी पाण्यात भागवते असा आकडा दिसला, की तो कोणत्या मातीतला, कोणत्या हवामानातला आणि कोणत्या वाणाशी तुलना करून काढलेला आहे, हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, जॉर्जिया विद्यापीठाच्या टिफटफ या वाणाला टिफवेपेक्षा ३८ टक्के कमी पाणी लागते असे सांगितले जाते. वाण खरोखरच उत्तम आहे आणि मी ते जवळून पाहिले आहे. पण हा आकडा टिफवेशी केलेल्या तुलनेतला आहे. मुरमावरच्या वीतभर मातीत तोच आकडा निघेल असे समजण्यास काहीही आधार नाही.

मैदानवाले_काका

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले. माझे सगळे आयुष्य मैदाने तयार करण्यात गेले आहे, त्यामुळे मी फक्त लागवडीच्या मालाविषयी लिहितो, कारण तेथे फसगत झाली तर पुढचे सगळे व्यर्थ जाते.

‘सिलेक्शन वन’ या नावाखाली प्रत्येक नर्सरीत एकच गवत मिळेल याची खात्री धरू नये. ‘मेक्सिकन’, ‘कोरियन’, ‘कार्पेट’ ही नावेही दुकानागणिक वेगवेगळ्या गवतांना लावलेली मी पाहिली आहेत. टिफवेसारखी संकरित हरळी वांझ असते, तिला उगवणारे बी येत नाही आणि ती तुकड्यांनीच वाढवावी लागते. म्हणजे टिफवेचे ‘बी’ कोणी विकत असेल तर ते टिफवे नव्हे, इतके निश्चित समजावे. आणि तुकड्यांनी वाढवलेल्या मालात गावठी हरळीची एखादी काशी आली असेल तर दोन हंगामांत ती अर्धा वाफा व्यापते. मग आपण टिफवे म्हणून जे मोजतो ते भलतेच असते.

यासाठी प्रत्येक वाणाचा माल एकाच खात्रीच्या ठिकाणाहून आणा. पुण्याच्या पुष्पविज्ञान संशोधन संचालनालयात हिरवळीच्या गवतांवर काम होते, तेथे विचारणा अवश्य करा. आणलेला माल थेट वाफ्यात लावू नका. स्वच्छ वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या ट्रेमध्ये आधी वाढवा. पान किती रुंद, पेरे किती लांब, रंग कसा, हे रोज डोळ्यांखालून गेले की परका ठोंब लगेच ओळखू येतो आणि काढून टाकता येतो. जेथे लावायचे त्या जागेतील जुनी हरळी आणि लव्हाळा आधीच्या उन्हाळ्यात दोनदा आडवी-उभी नांगरट करून, काशा आणि नागरमोथ्याच्या गाठी वेचून, नंतर ओलवून जे उगवेल ते पुन्हा काढून साफ करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

वाफ्यांमध्ये अर्ध्या मीटरचे अंतर ठेवले आहे ते ठीक. तरीही काळ्या मातीत काशा वीतभर खोलीवरूनही पलीकडे जातात. प्रत्येक वाफ्याभोवती जाड प्लॅस्टिकचा पत्रा किमान ३० सेंटिमीटर खोल उभा गाडा आणि मधली पट्टी कायम मोकळी ठेवा. कापणी सगळ्यांची एकाच उंचीवर, मैदानावर जी ठेवणार असाल त्याच उंचीवर करा. टिफड्वार्फ हे गोल्फच्या ग्रीनसाठी निवडलेले, अगदी बुटके गवत आहे. फुटबॉलच्या मैदानासाठी ते का घेतले आहे हे मला समजले नाही. त्याऐवजी आपल्याच मैदानावर गोलजवळ, जेथे सर्वांत जास्त तुडवले जाते तेथे आपोआप टिकून राहिलेल्या हरळीचे तुकडे घेऊन तो सहावा प्रकार करावा, असे मला वाटते.

मैदान_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, आपली सूचना मान्य आहे. टिफड्वार्फ वगळतो आणि गोलजवळची हरळी घेतो.

आज लोखंडी सळई ठोकून जागेची खोली तपासली. मुरमाच्या बाजूला २० सेंटिमीटरवरच सळई अडते, काळ्या मातीच्या बाजूला ६० सेंटिमीटरच्या खालीही ती सहज जाते. आता माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एका बाजूचा मुरूम काढून तेथे बाहेरची काळी माती आणून जागा एकसारखी करावी, की फक्त काळ्या बाजूलाच लहान वाफे करून चाचणी घ्यावी? शिवाय नोंदींचा प्रश्न अजून शिल्लक आहे. डोळ्यांनी पाहून गुण देणे कितपत ग्राह्य धरले जाते?

कोरडवाहू_अभ्यासक

यांपैकी काहीही ठरवण्यापूर्वी तीच सळई घेऊन मुख्य मैदानावर जावे. दर दहा मीटरवर एक याप्रमाणे खोलीची नोंद घ्या आणि कागदावर नकाशा करा. चाचणीची जमीन एकसारखी असण्यापेक्षा ती मुख्य मैदानाच्या जमिनीसारखी असणे अधिक महत्त्वाचे आहे. मैदानाखाली बहुतेक भागात मुरूम २०-२५ सेंटिमीटरवर असेल, तर काळ्या मातीतल्या वाफ्यांनी दिलेले उत्तर आपल्याला उपयोगी पडणार नाही, मग ते कितीही नेटके असो. टेक्सासच्या बंधूंनी सांगितलेल्या प्रयोगाचा आपल्यासाठी हाच अर्थ आहे.

बाहेरची माती आणून भरू नका. भरलेल्या मातीची घडण आणि खालच्या मुरमाशी तिचा सांधा नैसर्गिक जमिनीसारखा वागत नाही, आणि काळी माती तर बसायलाच दोन-तीन पावसाळे घेते. मैदानावर दोन्ही प्रकारची जमीन निघाली तर खोलीतल्या या फरकाचीच सोय करून घ्यावी. खोलीच्या दिशेला आडवे असे चार पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यात सहाही वाण एकेकदा येऊ द्या आणि पट्ट्याच्या आत वाणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. म्हणजे एका पट्ट्यातील सहाही वाफ्यांखाली जवळपास सारखी माती राहील आणि खोलीचा फरक पट्ट्यापट्ट्यांमध्ये विभागला जाईल. सहा वाण आणि चार पुनरावृत्ती धरल्यावर त्रुटीसाठी १५ स्वातंत्र्यांश, म्हणजे योगायोगाने पडणाऱ्या फरकाचा अंदाज बांधण्यासाठी लागणाऱ्या स्वतंत्र तुलना, उरतात. किमान १२ असावेत असा आपल्याकडचा संकेत आहे, तो पाळला जातो. विश्लेषणानंतर सी.डी.पेक्षा, म्हणजे केवळ योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकाच्या मर्यादेपेक्षा, कमी फरक असलेल्या दोन वाणांना पहिला-दुसरा क्रमांक देऊ नये. आकड्यांच्या भरात ही गोष्ट सर्रास विसरली जाते आणि मग दशांश चिन्हाच्या पुढच्या फरकावर लाखो रुपयांची खरेदी होते.

डोळ्यांनी गुण देणे पूर्णपणे ग्राह्य आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय हिरवळ मूल्यमापन कार्यक्रमात आजही १ ते ९ या मापाने दर्जा दिला जातो, त्यात ९ सर्वोत्तम आणि ६ हा स्वीकारण्याजोग्या दर्जाचा उंबरठा मानतात. आपण दोन व्यक्तींकडून स्वतंत्रपणे गुण घ्यावेत. वाफ्यावर वाणाचे नाव नको, फक्त क्रमांक असावा. ज्याने टिफवेसाठी धडपड करून माल मिळवला आहे, त्याच्या डोळ्याला टिफवे थोडे अधिकच हिरवे दिसते. हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यासाठी तरतूद करणे हेच शहाणपणाचे.

त्याच्या जोडीला छायाचित्रांवरून हिरव्या आच्छादनाची टक्केवारी काढावी. ही पद्धत अर्कान्सा विद्यापीठातील संशोधकांनी २००१ च्या सुमारास रुजवली आणि आता ती साध्या मोबाइलवर शक्य आहे. खालून उघडी, आतून पांढरी रंगवलेली पत्र्याची किंवा प्लायवूडची पेटी तयार करा. आत एलईडीच्या पट्ट्या लावा आणि वर मोबाइलच्या भिंगापुरते छिद्र ठेवा. वाफ्याच्या मधल्या भागात ठरलेल्या जागी पेटी ठेवून छायाचित्र घेतले की ऊन, ढग, सावली यांचा प्रश्न मिटतो. मोबाइलची प्रकाशमात्रा आणि रंगसमतोल एकदा ठरवून कायम ठेवा. त्यानंतर इमेजजे या मोफत प्रणालीत हिरव्या छटेचा पट्टा एकदा निश्चित करून सर्व छायाचित्रे त्याच पट्ट्यावर मोजा. येथे एक काळजी घ्यावी. बाकी गवत पिवळे पडत असताना लव्हाळ्याची दोन पातीही छायाचित्रात ठसठशीत हिरवी येतात, आणि संगणकाला लव्हाळा कोणता व हरळी कोणती हे कळत नाही. पेटी ठेवण्यापूर्वी तण काढलेच पाहिजे.

दुसऱ्या वर्षी पाणी तोडाल तेव्हा ही छायाचित्रे दर तीन दिवसांनी घ्या. पाणी तोडल्यापासून हिरवे आच्छादन ७५, ५० आणि २५ टक्क्यांवर येण्यास किती दिवस लागले हे काढा, आणि पाणी सुरू केल्यावर तेच आकडे उलट दिशेने. ‘मेले की झोपले’ हा प्रश्न पानांच्या रंगावरून सुटत नाही. वाफ्याच्या कडेचा एक लहान गड्डा काढून सावलीत कुंडीत लावावा आणि नियमित पाणी द्यावे. दहा-बारा दिवसांत काशांना कोंब आले तर गवत जिवंत आहे.

जमिनीतील ओल मोजण्यासाठी विजेवर चालणारे महागडे उपकरण घेण्याची गरज नाही. काळी माती सुकून भेगाळली की त्याच्या सळयांभोवती हवा शिरते आणि आकडे भरवशाचे राहत नाहीत. बारीक गिरमिटाने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटरचे नमुने काढा, वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवा आणि पुन्हा वजन करा. आपल्या संस्थेत प्रयोगशाळा असेलच. भोक लगेच वाळूने बुजवा आणि त्या जागी पुन्हा नमुना घेऊ नका.

हिरवळ_टेक्सास

एक भर घालतो. ताणाच्या काळात खेळाची तुडवणही चाचणीत आणावी. बागेतील गवत सुप्तावस्थेत गेले तरी त्याचे काही बिघडत नाही, पण मैदानावरचे सुप्त गवत बुटांच्या खिळ्यांनी फाटले की ते भरून येण्यासाठी लागणारी वाढच थांबलेली असते. प्रत्येक वाफ्याच्या ठरलेल्या अर्ध्या भागावर आठवड्यातून दोनदा, खिळे बसवलेला वजनदार रूळ ठरावीक वेळा फिरवावा आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे मोजावेत. तुडवलेल्या अर्ध्या भागात क्रमवारी पूर्ण बदललेली दिसू शकते, आणि फुटबॉलच्या मैदानासाठी तीच क्रमवारी खरी मानावी.

बोअरच्या पाण्याची क्षारता मात्र आधीच तपासून घ्या. पास्पालम हे मूळचे समुद्रकाठचे गवत आहे. खारट किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर ते इतरांपेक्षा चांगले तगते. आपले पाणी गोडे असेल तर मुरमाड जमिनीत ते हरळीच्या पुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही. पाणी खारे असेल तर ते यादीत ठेवण्याला मोठे कारण आहे.

मैदान_सोलापूर

आभारी आहे. पाण्याचा नमुना उद्याच तपासणीला पाठवतो आणि मुख्य मैदानाच्या खोलीचा नकाशा या आठवड्यात पूर्ण करतो. शेवटची एक शंका अशी की, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव कधीही येतो. सरकते छप्पर आम्हाला परवडणारे नाही. ताणाच्या ऐन भरात तासाभरात वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर चाचणी फुकट गेली असे समजायचे का?

कोरडवाहू_अभ्यासक

फुकट जाणार नाही, मात्र वेळापत्रक त्या दृष्टीने आखावे लागेल. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च हा काळ बहुतेक वर्षी जवळपास कोरडा असतो, त्यासाठी अमेरिकेत लाखो रुपयांची छपरे उभारतात. थंडीत गवताची वाढ मंदावते म्हणून ताण जानेवारीत सुरू करण्यात अर्थ नाही, पण फेब्रुवारीच्या मध्यावर पाणी कमी करण्यास सुरुवात केली तर वळिवाच्या आधी किमान सहा आठवडे हाती लागतात. एप्रिलपासून पुढे वाफ्यांवर पॉलिहाऊसच्या पाइपांच्या बुटक्या कमानी उभ्या ठेवा आणि प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून बाजूला तयार ठेवा. आभाळ भरून आले की दोघांनी तो ओढायचा आणि पाऊस थांबताच काढून टाकायचा. दिवसभर तसाच ठेवला तर आतले तापमान इतके वाढते की आपण पाण्याच्या ताणाऐवजी उष्णतेचा ताण मोजू लागतो. कडेने वाहून येणारे पाणी अडवण्यासाठी सगळ्या जागेभोवती फूटभर खोल चर खणून ठेवा.

रात्री-अपरात्री पाऊस आलाच आणि कागद ओढता आला नाही, तर वाफ्यांजवळ ठेवलेल्या पर्जन्यमापकातील आकडा लिहून ठेवावा आणि मोजून कमी पाणी देण्याच्या वर्षी तितके पाणी पुढच्या पाळ्यांतून वजा करावे. पाणी तोडण्याच्या वर्षी मात्र पाऊस पडला त्या दिवसापर्यंतच्या नोंदी ग्राह्य धराव्यात, चाचणी तेथेच थांबवावी आणि लगेच पुनरुज्जीवनाच्या नोंदी सुरू कराव्यात. पर्जन्यमापक आजच बसवून घ्या, म्हणजे जूनपासूनच्या नोंदी हाताशी राहतील.